रानकोंबडा कुठून पाहायचा?

शंकेखोर : चित्र सुंदर आहे, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळा. वसईजवळच्या कामणच्या वरच्या अंगाला तुंगारेश्वरचा उतार, मागे कामणदुर्गाची सोंड, बाजूला कारवी, खाली सागाचा पाचोळा आणि मधोमध राखी रानकोंबडा. मानेच्या पिसांवरचे ते मेणचट पिवळे ठिपके तुम्ही एकेक करून काढलेत. पण असा रानकोंबडा कोणी पाहिलाय? तो दिसतो म्हणजे काय होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आधी पाचोळ्यात खसखस. मग तुऱ्याची एक लाल तिरीप. आणि आपण मान वळवेपर्यंत तो मान खाली घालून पळत जाळीत शिरलेला असतो. तुम्ही मात्र त्याला चार हातांवर, भर उजेडात, एका अंगावर वळवून उभा केलाय. डोळा, चोच, आऱ्या, शेपटीचा बाक, सगळं दिसेल असा. ही रानातली ढब नव्हे. संग्रहालयाच्या खणात कापूस भरून ठेवलेल्या कातड्याची आहे. मागे कारवी काढली म्हणून ते कातडं रानात गेलं, असं कसं म्हणायचं?

चित्रवेडा : चित्र म्हणजे एका क्षणाचा पुरावा, असं तुम्ही धरून चाललात. ते काम कॅमेऱ्याचं, आणि तो ते माझ्यापेक्षा बरं करतो. मी पाहिलेली खसखस, ती तिरीप, झाडावर रात्रीच्या बसकणीला चढतानाची काळी आकृती, पहाटेची ती मध्येच तुटणारी बांग, हे सगळं साठत जातं आणि त्यातून एक कोंबडा उभा राहतो. तो कुठल्याही एका सकाळचा नाही. आणि कारवी मी शोभेला घातली, असं समजू नका. कारवीला सात-आठ वर्षांनी एकदम बहर येतो, मग बी गळतं, तेव्हा रानकोंबडे त्या उतारावर गोळा होतात. बांबूला बी धरलं की तसंच. पाचोळा हे त्याचं ताट आहे. वाळवी, किडे, बिया, सगळं त्याखाली. पायानं तो पाचोळा मागे उडवतो. त्या उकरण्याच्या खुणांवरूनच तर तो इथे होता हे कळतं. हे बाजूला काढून नुसता पक्षी पांढऱ्या कागदावर ठेवला, तर तो खरा होतो का? ती जंत्री झाली.

शंकेखोर : जंत्रीला इतकं कमी लेखू नका. जहांगीराच्या दरबारातल्या मन्सूरची टर्की आठवा. १६१२ साली मुकर्रबखानानं गोव्याहून बादशहाकरता जी अजब जनावरं नेली, त्यात तो अमेरिकेतला कोंबडा होता. जहांगीरानं आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलं, डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे पालटतात असंही लिहिलं, आणि चित्र काढायला लावलं. बाबरानं जनावरांची नुसती वर्णनं लिहिली, चित्रं काढवली नाहीत, म्हणून आपण ती काढवतो, असं त्याचं म्हणणं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मागे ना रान, ना डोंगर, आणि तरी तो पक्षी चारशे वर्षं ताठ उभा आहे. मन्सूरला त्या टर्कीचं रान ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं ते काढलं नाही. मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

चित्रवेडा : मान्य. रान ठाऊक नसेल, तर काढू नये. उलटं उदाहरण ह्यूम आणि मार्शलच्या ग्रंथाचं घ्या. भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचे त्यांचे तीन खंड १८७९ ते १८८१ मध्ये निघाले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. मजकूर त्यांचा, इथल्या अनुभवाचा. चित्रं मात्र विलायतेत तयार झाली, आणि त्यांतल्या बऱ्याच चित्रांवर खुद्द ह्यूमच नाराज होते. तशी नाराजी त्यांनी छापूनही टाकली. कातडी बोटीनं जातात, माती जात नाही, उजेडही जात नाही. म्हणून तर मी म्हणतो की, जो कामणला राहतो, ज्याला मार्चमधला ऐन आणि जूनमधला ऐन वेगळा दिसतो, त्यानं हे काढावं. तंजावरच्या सरफोजीराजांनी पदरच्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली होती, त्यांतली काही आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असं नाही. रान मात्र आपण कागदावर कमी आणलं.

शंकेखोर : कमी आणलं, कारण रान ज्यांनी कागदावर आणलं, त्यांना तिथे जाऊन बंदूक चालवायची होती. ही गोष्ट तुम्ही नेहमी हळूच ओलांडता. जहांगीराचंच पाहा. बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या आसपासपर्यंत आपण स्वतः किती मारलं, याचा हिशेब त्यानं काढवला : १७,१६७ जनावरं, त्यांत १३,९६४ पक्षी. मन्सूरला हुकूम देणारा आणि हा आकडा अभिमानानं लिहून ठेवणारा माणूस एकच. अमेरिकेचा पक्षिचित्रकार ऑड्यूबन घ्या. पक्षी मारायचा, ताज्या मेलेल्या देहाला तारा खुपसून चौकोन आखलेल्या फळीवर जिवंत असल्यासारखा ताणायचा आणि मग काढायचा. स्वीडनचा चित्रकार ब्रूनो लिल्येफोर्स, ज्याचं नाव तुम्ही हात जोडून घेता, पक्का शिकारी. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत शिकारी किती होते आणि स्टुअर्ट बेकरचे शिकारीच्या पक्ष्यांवरचे रंगीत चित्रांचे खंड तिनेच का काढले, हे वेगळं सांगायला नको. कुठला पक्षी कुठल्या झुडपात सापडेल, हे चित्रातून शिकायचं आणि सुट्टीच्या दिवशी तिकडे जायचं. पार्श्वभूमी हा शिकाऱ्याला दिलेला पत्ता होता.

चित्रवेडा : काही अंशी, होय. पण त्याच रांगेत आर्चिबाल्ड थॉर्बर्नही आहे. विलायतेतल्या शिकारीच्या पक्ष्यांचा सगळ्यात लाडका चित्रकार, आणि जखमी सशाची किंकाळी ऐकल्यावर त्यानं बंदूक खाली ठेवली ती ठेवलीच. चित्रं काढत राहिला. सलीम अलींची वाट कुठून सुरू झाली? पोरपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून. अमेरिकेत १९३४पासून बदकांच्या शिकारीला परवान्यासोबत एक तिकीट घ्यावं लागतं. त्यावर पाणथळीतल्या बदकाचं चित्र असतं आणि त्या पैशातून पाणथळी विकत घेऊन राखल्या जातात. पहिलं चित्र डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराचं. शिकाऱ्याच्या नजरेतून पक्ष्याचं घर वाचलं, असं त्या देशात झालंय. कूळ काढून चित्राला बाद करायचं असेल, तर पक्षीशास्त्रच बाद करावं लागेल.

शंकेखोर : तिकडे तिकीट घेणारा शिकारी अजून बंदूक चालवतो, म्हणून पैसा येतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या बदलांनी ती गोष्ट संपवली, आणि चांगलं केलं. मग तुमचं चित्र कोणाला कशासाठी हवंय? हा माझा पुढचा आक्षेप. वसईच्या नव्या इमारतीतल्या दिवाणखान्याला हिरवं रान हवं आणि त्यावर चमकता कोंबडा हवा. तुम्ही दोन्ही दिलंत. पण पावसाळ्याचं पोपटी रान आणि मानेला भरगच्च ठिपक्यांची झूल, हे एकत्र येतं का? विणीचा हंगाम ओसरला की उन्हाळ्यात नर ती पिसं टाकतो आणि काही काळ आखूड, काळपट, साध्या मानेनं वावरतो. तुम्हाला हे माहीत आहे. माहीत असून तुम्ही पाऊस आणि झूल एकत्र आणलीत.

चित्रवेडा : पोपटी नाही तो, पावसाळा उलटून गेल्यानंतरचा हिरवा आहे. पण तुमचा नेम चुकलेला नाही. गिऱ्हाईक हिरवं मागतं. फेब्रुवारीतला तुंगारेश्वर काढायचा तर बर्न्ट अंबर आणि यलो ओकरच्या नळ्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि लोक विचारतात, रान वाळलंय का हो? त्यांना पानगळीचं रान हे आजारी रान वाटतं. खरं तर रानकोंबड्याचा सगळा थाट त्याच तपकिरी महिन्यांतला. उघड्या रानातून बांग लांब जाते, पाचोळा वाजतो, विणीची घाई असते.

शंकेखोर : ठिपक्यांचं आणखी एक. तुम्ही ज्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवलात, त्याच ठिपक्यांनी हा पक्षी मारला. विलायतेत सॅमन आणि ट्राउट मासे गळाला लावायला पिसांच्या खोट्या माश्या बांधतात. त्यांत रानकोंबड्याच्या मानेचं पीस पाण्यात चकाकतं म्हणून त्याला भाव. दक्षिणेतून मानाच्या मानाच सोलून बोटीनं जात होत्या, सरकारनं निर्यात बंद करेपर्यंत. तेव्हा सौंदर्य टिपलं, एवढं म्हणून सुटका नाही. काय टिपता, ते आधी कोणी आणि कशाला टिपलं होतं, हे चित्रात कुठेतरी असायला नको?

चित्रवेडा : कसं असणार? खाली चिठ्ठी चिकटवू?

शंकेखोर : नको. पण कोंबडी कुठे आहे तुमच्या चित्रात?

चित्रवेडा : डावीकडे, कारवीच्या मुळाशी. दिसली नाही ना? छातीवर पांढरे खवले, पाठीला पाचोळ्याचा रंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती दिसू नये, म्हणूनच तशी काढली. आणि आता मी तुम्हाला पेचात धरतो. तुम्ही म्हणालात, असा कोंबडा रानात दिसत नाही. मग या पक्ष्यांचं खरं रानातलं चित्र म्हणजे पक्षी न दिसणारं चित्र. ॲबट थेयर नावाच्या अमेरिकी चित्रकारानं हेच टोकाला नेलं. १९०७ साली त्यानं मोर काढला, रानात असा विरघळलेला की निळी मान आकाशाचा तुकडा वाटते आणि पिसारा पानांचा. १९०९मध्ये पुस्तकच काढलं की, जनावरांचे रंग हे लपण्याकरता असतात, भडक रंगसुद्धा. त्यावर थिओडोर रूझवेल्ट तुटून पडला. तो शिकारी, आफ्रिकेत जनावरं पाहिलेला. त्याचं म्हणणं, तुम्ही मोराला शोभेल तीच जागा आणि तोच उजेड निवडलात. मोर दिवसभर काय तिथेच बसतो?

शंकेखोर : आणि रूझवेल्ट बरोबर होता.

चित्रवेडा : मोरापुरता. रानकोंबड्यापुरताही असेल. लाव्यापुरता नाही. लावे थव्यानं असतात, पायाखाली येईपर्यंत हलत नाहीत, आणि मग एकदम चहूकडे उधळतात की छातीत धस्स होतं. थोड्या वेळानं झुडपाझुडपातून एकमेकांना साद घालत पुन्हा गोळा होतात. त्यांचं चित्र मी काढलंय. कागदभर वाळकी पानं आणि त्यांत लावे. प्रदर्शनात लोक शीर्षक वाचायचे, चित्र बघायचे, पुन्हा शीर्षक वाचायचे आणि पुढे जायचे. एका मुलाला मात्र एक डोळा सापडला. मग त्यानं बाकीचे हुडकले आणि आईला ओढत आणलं. माझ्या मते ते चित्र त्या दिवशी पूर्ण झालं.

शंकेखोर : त्या मुलानं काय केलं, ते बघा. तो शिकार करायला शिकला. डोळा शोधायचा, मग बाकीचं अंग जुळवायचं, शिकारी असंच करतो. तुम्ही बंदूक काढून घेतलीत, पण नजर तीच दिलीत. मी दोष देत नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला आत्ता बोलता बोलता नीट सुचतोय. प्रश्न मागे रान आहे की नाही, हा नाहीच. चित्र पाहणाऱ्याचा डोळा किती उंचीवर ठेवलाय, हा आहे. ह्यूमच्या चित्रांत, बेकरच्या चित्रांत, तुमच्याही चित्रात, आपण पक्ष्याच्या उंचीवर आहोत. पाच-साडेपाच फुटी माणसाला पक्षी तसा कधी दिसतो? टेबलावर मेलेला असताना. उभ्या माणसाला दिसते ती पाठ, उडून जाताना, आणि ती बंदुकीची नजर. तिसरी नजर जमिनीलगतची. ती फासे लावणाऱ्याची.

चित्रवेडा : फासेपारध्याची म्हणा. तित्तिराच्या वाटेवर बारीक फासे रोवायचे, माणसाळवलेला तित्तिर बोलावणं करायला ठेवायचा. पक्षी कुठल्या गवताच्या फटीतून मान घालेल, हे ओणवं होऊन कळावं लागतं. इंग्रजांनी या जमातीवर १८७१पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. त्याच काळात साहेब लोक मुंबईभोवतीच्या भातखाचरांत पाणलावे मारत होते आणि त्याला खेळ म्हणत होते. आज विदर्भात तणमोर हुडकायला फासेपारध्यांचीच मदत घ्यावी लागली, कारण त्या गवतात तो पक्षी कुठे असेल हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. ही नजर तुम्ही वाईटात जमा करताय?

शंकेखोर : नाही. उलट तिन्हींत मला तीच खरी वाटते, कारण तिला रान पार्श्वभूमी म्हणून परवडत नाही. काडी इकडची तिकडे झाली की पोट उपाशी. पण त्या नजरेचं चित्र तुम्ही काढू शकाल का? ज्याला भूक नाही, त्यानं?

चित्रवेडा : भूक नाही, पण तितकंच बारीक पाहायची गरज मला आहे.

शंकेखोर : तशी गरज सगळे चित्रकार सांगतात. असो. वारल्यांकडे येऊ. कामणच्या मागच्या पाड्यांवर वारली आहेत, तुमच्या घरापासून लांब नाहीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला कोंबडा पाहा. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं पाहा, डहाणूकडची. २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांत झाड, मुंग्या, जाळं टाकणारा, नाचणारे, पक्षी, सगळं एकाच भिंतीवर एकाच बळानं. कोणी कोणाच्या मागे नाही. डोळ्याची उंचीच नाही, वरून, बाजूनं, सगळीकडून एकदम. तुमचा सगळा झगडा तिथे उद्भवतच नाही.

चित्रवेडा : उद्भवत नाही, कारण त्या कोंबड्याला जात विचारायची नसते. तो राखी रानकोंबडा आहे की अंगणातला, हे भिंत सांगत नाही, आणि तिनं सांगावंही का? पण मला ते सांगायचं आहे. कारण हीच गोष्ट इथे पुसट होत चाललीय. गावकोंबड्या रानाच्या कडेपर्यंत चरतात. आणि गंमत अशी की, पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक या राखी रानकोंबड्याकडूनच आलं, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे नातं जुनं आहे. पण नातं आहे म्हणून दोघं एक होत नाहीत. वारली चित्राचं अनुकरण मी केलं, तर ते कपबशीवरच्या वारलीसारखं होईल, आणि त्या तर बाजारात ढिगानं आहेत.

शंकेखोर : बरं, मग जातीसकट खरं काढा. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. त्याच्या पायथ्याला कामण. तुमच्या चौकटीच्या उजव्या कडेपलीकडे काय आहे? गाळे आहेत. भिवंडीकडे जाणारे ट्रक आहेत. कामण रोड स्टेशनवरून जाणाऱ्या मालगाड्या आहेत. त्या कोंबड्याची पहाटेची बांग हॉर्नमध्ये मिसळलेली असते. नैसर्गिक अधिवास म्हणून तुम्ही जो काढलात, तो चौकट डावीकडे सरकवून मिळवलेला आहे. थेयरनं मोराला शोभेलशी जागा निवडली, तुम्ही गिऱ्हाइकाला शोभेलशी.

चित्रवेडा : आणि मी ट्रक काढला, तर तुम्हीच म्हणाल की हे भित्तिपत्रक झालं. काढून पाहिलंय ते. कोंबडा राहतो बाजूला, लोक ट्रकबद्दल बोलतात. माळढोकाचं काय झालं ते आठवा. सोलापूर-नगरकडचं अभयारण्य १९७९चं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गावं, रस्ते, शेतं सगळं आलेलं. २०१२ साली ते १,२२२वर आणलं. एके काळी शिकाऱ्यांनी चवीसाठी मारलेला तो पक्षी आज सोलापूरजवळच्या नान्नजला दिसणं जवळजवळ संपलंय. उद्या कोणी माळढोकाचं चित्र काढेल, तेव्हा मागे नुसतं गवत असावं की हमरस्ता? गवत काढलं तर तुम्ही त्याला खोटं म्हणाल. मी म्हणेन, त्या पक्ष्याला काय हवं होतं, याची ती नोंद आहे. माझ्या कारवीचंही तेच.

शंकेखोर : नोंद असेल, तर तिला तारीख घाला. ‘फेब्रुवारी, पाण्याच्या ओघळाच्या वर, गाळ्यांपासून इतक्या अंतरावर.’

चित्रवेडा : अंतर लिहिलं की पुन्हा पत्ता झाला, तुमचाच आक्षेप. फास लावणारे काय सगळे संपलेले नाहीत.

शंकेखोर : हे मात्र खरं. मग माझ्याकडूनच एक गोष्ट कमी करतो. ठिकाण लिहू नका. पण डोळा हलवा. मोळी घेऊन उतरणारी बाई रोज त्या पक्ष्याजवळून जाते, तिच्या उंचीवरून काढा.

चित्रवेडा : तिच्या उंचीवरून काढलं तर कारवीच वर येते. कारवी सहज डोक्याएवढी. जमीन दिसतच नाही. आणि ती थांबत नाही. तिला तो ऐकू येतो, कुठल्या करवंदीच्या जाळीत गेला ते ठाऊक असतं, पण ती चित्र बघितल्यासारखी त्याच्याकडे बघत नाही. मला जमीन हवी आहे. पाचोळा हवा आहे. पुढचं चित्र फेब्रुवारीतलं असेल, तपकिरी, विकलं नाही तरी चालेल. कोंबडी पुढे, अंडी घालायला ओरबाडलेल्या खळग्याशी, आणि कोंबडा मागे, अर्धा झाकलेला. डोळा अगदी जमिनीला टेकवून.

शंकेखोर : म्हणजे फास लावणाऱ्याचा.

चित्रवेडा : किंवा कोंबडीचा. तीही तेवढ्याच उंचीवरून बघते.

शंकेखोर : चित्र पाहून मला कसं कळणार, दोघांतला कुठला?

चित्रवेडा : कदाचित नाही कळणार.

शंकेखोर : मग माझा आक्षेप उभाच आहे.

चित्रवेडा : राहू द्या. पण आता तो माझ्या चित्राबद्दलचा आहे. तुम्ही सुरू केलंत तेव्हा तो कातड्याबद्दलचा होता.